उमेदवाराचे शपथपत्र

भारतात संसद व विधिमंडळाच्या निवडणुकीसाठी उमेदवाराने नामनिर्देशनपत्रासोबत (पहा : नामनिर्देशन) नमुना २६ मध्ये द्यावयाचे प्रतिज्ञापत्र. त्याचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या २ मे २००२ च्या निकालात आहे. उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरला. या माहितीला कात्री लावणारे कलम ३३ ब न्यायालयाने १३ मार्च २००३ रोजी रद्द केले (पहा : लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१). फौजदारी प्रकरणे, शिक्षण, तसेच स्वतःची, जोडीदाराची व अवलंबितांची मालमत्ता आणि देणी शपथपत्रात नोंदवावी लागतात. २०१३ च्या निकालानुसार, सूचना देऊनही रकाने कोरे ठेवल्यास अर्ज फेटाळता येतो. खोट्या माहितीसाठी कलम १२५ अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. छाननीत मात्र मजकुराच्या खरेपणाचा तपास सहसा होत नाही.