मुलगा तिथेच, राज्य बदललं

बारावीचे निकाल लागले की आमच्या नातेवाइकांत एकच विषय: नंबर कुठे लागेल? मग कटऑफ, ‘होम स्टेट’, ‘अदर स्टेट’ वगैरे शब्द सुरू होतात. मला मात्र हे शब्द ऐकले की इतिहास आठवतो. कारण यवतमाळच्या माणसाचं ‘होम स्टेट’ कोणतं, याचं उत्तर गेल्या शंभर वर्षांत कितीदा तरी बदललंय.

३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. डॉक्टर व्हायचं तर नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, स्थापना १९४७. सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज होतं जबलपूरला, तेही १९४७ चंच. म्हणजे जबलपूर घरचं आणि मुंबई-पुणे परराज्यातलं! दुसऱ्या दिवशी जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि सगळं उलटं झालं. पोरगं जागचं हललं नव्हतं, सीमा हलली होती.

ही धास्ती आपल्या पुढाऱ्यांना आधीपासून होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात नोकऱ्या आणि विकासखर्चाबरोबरच व्यावसायिक व शास्त्रीय शिक्षणाच्या प्रवेशात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळावा, असं कलम आहे. राज्यघटनेच्या ३७१(२) मध्येही तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयींचा उल्लेख आला. महाराष्ट्रात यायचं, पण पुण्या-मुंबईच्या मुलांपुढे आपली मुलं मागे पडू नयेत, ही ती काळजी.

त्याच सुमारास ‘बाहेरचा’ म्हणजे कोण, हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात मध्य भारताबाहेरच्या मुलांकडून कॅपिटेशन फी घेत. दिल्लीच्या जोशी नावाच्या विद्यार्थ्याने त्याला आव्हान दिलं. १९५५ मध्ये कोर्टाने बहुमताने सांगितलं की घटनेत मनाई आहे ती जन्मस्थानावरून भेद करायला. रहिवासावरून सवलत देता येते. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात मात्र कोर्टाने सगळ्या जागा राज्यातल्यांसाठी राखायला नकार दिला. त्यातूनच पुढे सरकारी मेडिकलचा १५ टक्के अखिल भारतीय कोटा आला, जो आजही आहे.

पण भिंत फक्त राज्याराज्यांत नव्हती. महाराष्ट्रात एका विभागातल्या मुलाला दुसऱ्या विभागातलं मेडिकल कॉलेज जवळजवळ बंदच होतं. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही पद्धत रद्द केली आणि स्थानिकांसाठी ७० टक्क्यांपेक्षा जास्त जागा राखू नयेत असं सांगितलं. पुढे आपल्याकडे रुळलेलं ७०:३० चं सूत्र त्याच आकड्याशी जुळतं. यवतमाळला १९८९ मध्ये वसंतराव नाईकांच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज झालं, तेव्हा विदर्भातल्या मुलांना त्याचा आधार वाटणं साहजिकच होतं. मराठवाड्यात कॉलेजं कमी, त्यामुळे तिथल्या मुलांना हेच सूत्र जाचायचं. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ते रद्द केलं.

बरोबर केलं का? मला दोन्ही बाजू पटतात. लातूरच्या मुलीला जास्त मार्क असून यवतमाळची जागा नाकारणं अन्यायाचंच. पण जिथे चांगली ज्युनिअर कॉलेजं आणि क्लासेस नाहीत, तिथल्या मुलाला ‘आता सगळे सारखे’ असं सांगणंही सोपं नाही. नागपूर कराराने वाटा मागितला तो याच विषमतेमुळे. विषमता तशीच ठेवून नुसता वाटा काढला, तर हिशेब अर्धाच होतो.

आता घरच्यांसाठी एक कामाची गोष्ट. पैनगंगेपलीकडे वेगळं राज्य आहे आणि तिथे स्थानिक विद्यार्थ्यांच्या जागांचे वेगळे नियम आहेत. आपल्या मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी, काही अपवाद सोडले तर, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. वणी-पांढरकवड्याचं पोरगं चांगल्या कोचिंगसाठी अकरावी-बारावीला हैदराबादला गेलं, तर सात-बारा आणि रेशनकार्ड इथलं असूनही ते ‘बाहेरचं’ ठरू शकतं! प्रवेश घेण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचा.

आणि हो, १९५६ च्या आधी आपल्याकडून जबलपूरला शिकायला गेलेलं कोणी माहीत असेल, तर मला जरूर कळवा. कोर्टाच्या निकालांपेक्षा त्यांच्या आठवणी ऐकायला मला जास्त आवडतील.