शाईपासून अँजिओग्राफीपर्यंत

मृताच्या मानेतल्या एका कॅरोटिड धमनीत शाई मिसळलेले पाणी पिचकारीने सोडायचे आणि ते दुसऱ्या बाजूच्या फांद्यांत उतरते का ते पाहायचे. ऑक्सफर्डच्या थॉमस विलिसने हा प्रयोग १६६४ साली छापलेल्या 'सेरेब्री अ‍ॅनाटोमे' या ग्रंथात नोंदवला आहे. शाई पलीकडे पोचली. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे जे कडे असते, त्यातून एका बाजूचे रक्त दुसऱ्या बाजूला जाऊ शकते, हे त्याने असे डोळ्यांनी पाहिले.

या ग्रंथातली चित्रे काढणाऱ्यांत क्रिस्टोफर रेन होता, पुढे लंडनचे सेंट पॉल्स कॅथीड्रल उभारणारा तोच. त्याआधी काही वर्षे, १६५६च्या सुमारास, रेनने पिसाची पोकळ नळी आणि तिला बांधलेला फुगा एवढ्या साधनांनी कुत्र्याच्या शिरेत मद्य आणि अफू सोडली होती. हे दोन प्रयोग शेजारी ठेवून वाचले आणि माझे मत पक्के झाले. मेंदूच्या धमन्यांचे जन्मजात वेगळेपण टिपणाऱ्या आजच्या तपासणीचे कूळ आपण क्ष-किरणांपासून मोजतो, ते या पिचकारीपासून मोजायला हवे.

विरोधी पक्ष सांगेल, रॉन्टजेनशिवाय अँजिओग्राफी कुठली? बरोबर. पण रॉन्टजेनला किरण सापडले नोव्हेंबर १८९५मध्ये, आणि जानेवारी १८९६मध्ये व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल यांनी कापलेल्या हाताच्या धमन्यांचे चित्र काढलेसुद्धा. दोनच महिन्यांत हे कसे जमले? कारण धमन्यांत भरायचा लगदा तयारच होता. त्यांनी वापरला तो टाइखमानचा लगदा. टाइखमान क्राकोचा शरीररचनाशास्त्रज्ञ होता आणि त्याचे मिश्रण विच्छेदनासाठी रक्तवाहिन्या भरायला बनवलेले होते. किरण नवे होते, पण भरण्याची विद्या विच्छेदनाच्या टेबलावरून आलेली होती.

मेंदूच्या तळाच्या त्या कड्याला विलिसचे नाव लागले, त्यावर मात्र वाद आहे. शाफहाउझेनच्या योहान वेप्फरने १६५८ साली त्याचे चांगले वर्णन केले होते, आणि पादुआच्या कासेरियोच्या मरणोत्तर छापलेल्या चित्रांतही ते दिसते. अग्रक्रमाचा दावा त्यांचा, हे मान्य. विलिसचे मोठेपण दुसरीकडे आहे. एक वाट बंद पडली तर दुसरी भार उचलते, हा अर्थ त्याने लावला, आणि तोही एका माणसाच्या मेंदूवरून.

त्या माणसाला पक्षाघात झाला नव्हता, तो पोटाच्या विकाराने गेला होता. शवविच्छेदनात विलिसला उजवी कॅरोटिड दगडासारखी घट्ट होऊन जवळपास बुजलेली दिसली, आणि त्याच बाजूची व्हर्टिब्रल धमनी डावीच्या तिप्पट रुंद होती. विलिसचे म्हणणे असे की कॅरोटिड बुजल्यावर व्हर्टिब्रल वाढली. मला इथे दुसरी शक्यता दिसते: ती जन्मतःच रुंद असेल आणि म्हणूनच तो माणूस तगला असेल. माझ्याविरुद्ध एक मुद्दा आहे. दोन्हीत फरक असतो तेव्हा बहुधा डावी व्हर्टिब्रल मोठी असते, इथे उजवी आहे. वाढत्या प्रवाहाने धमनी रुंदावते, हेही खरे. तरी तिप्पट हे प्रमाण मला जन्मजात वाटते. उजवी मोठी असलेली माणसे काही थोडीथोडकी नाहीत.

आज हा निवाडा सीटी स्कॅनवर होऊ शकतो, आणि तो देते हाड. व्हर्टिब्रल धमनी मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर चढते. ती जन्मतः बारीक असेल तर तिच्या बाजूची छिद्रेही अरुंद दिसतात. कॅरोटिड मुळातच तयार झाली नसेल, तर कवटीतला तिचा बोगदाच नसतो. नंतर बंद पडलेली असेल, तर बोगदा शाबूत असतो. त्या माणसाच्या मणक्यांची छिद्रे आज पाहता आली असती, तर वाद मिटला असता.

व्हिएन्नातल्या त्या हातापासून आजच्या सीटीपर्यंतच्या मधल्या टप्प्यांत एकच उसनवारी खरी विलक्षण आहे. १९२३ साली मेयो क्लिनिकमध्ये गरमी (सिफिलिस) झालेल्या रुग्णांना सोडियम आयोडाइड देत असताना त्यांची लघवी क्ष-किरण चित्रात दिसू लागली. औषध म्हणून दिलेल्या आयोडीननेच धमन्या दाखवायचे काम पुढे घेतले, असा माझा कयास आहे. लिस्बनमध्ये एगास मोनिझने आधी स्ट्राँशियम ब्रोमाइड वापरले, त्यात एक रुग्ण दगावला. मग तो २५ टक्के सोडियम आयोडाइडकडे वळला आणि २८ जून १९२७ रोजी जिवंत माणसाच्या मेंदूच्या धमन्या त्याला प्लेटवर दिसल्या. त्याला गाठी शोधायच्या होत्या. पण धमनी गाठीने ढकलली आहे की मुळातच तशी आहे, हे कळायला निरोगी धमन्यांची ठेवण माहीत हवी. त्यासाठी त्याने आधी प्रेतांच्या डोक्यांत द्रव भरून चित्रे काढली होती. म्हणजे पुन्हा तेच विच्छेदनाचे टेबल.

वेगळेपणाची नोंदही तिथूनच सुरू झाली. गर्भात दुसऱ्या महिन्यात ट्रायजेमिनल नावाची तात्पुरती धमनी कॅरोटिडकडून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवते, मग विरून जाते. क्वचित ती उरते. १८४४ साली क्वेनने ती मृतदेहात पाहिली, आणि अँजिओग्राफीत सटनला ती १९५० साली सापडली, शंभरहून अधिक वर्षांनी. पिट्युटरी ग्रंथीवर नाकातून शस्त्रक्रिया करणाऱ्याला ती आधीच माहीत असावी लागते, कारण ती ग्रंथीच्या शेजारून, कधी आतूनही जाते.

आता एमआरआयमध्ये डाय न टाकताही धमन्या दिसतात. टाइम ऑफ फ्लाइट या पद्धतीत यंत्राला ताजे वाहते रक्तच उजळ दिसते. मला हे अद्भुत वाटते, आणि धोक्याचेही. प्रवाह मंद असेल किंवा धमनी फार बारीक असेल, तर ती चित्रातून गायब होते आणि अहवालात 'नाही' असे लिहिले जाते, प्रत्यक्षात ती असते. शंका आली की डाय टाकून सीटी अँजिओग्राफी किंवा नळीने थेट अँजिओग्राफी करावी लागते.

हा फरक कागदी नाही. काहींच्या मेंदूच्या मागच्या भागाची धमनी गर्भातल्यासारखीच कॅरोटिडकडून येते. अशा माणसाच्या कॅरोटिडमधली गुठळी मेंदूच्या पाठच्या भागात जाऊन त्याची अर्धी दृष्टी घालवू शकते. एरवी असा झटका दिसला की डॉक्टर व्हर्टिब्रलकडे बघतात. इथे मात्र मानेतली कॅरोटिड तपासली पाहिजे.