धूळपाटी, उजळणी आणि मोडी

मराठीत कामाचा 'श्रीगणेशा' होतो, ग्रंथलेखनाचा 'ओनामा' होतो, थोरांचा 'कित्ता' गिरवला जातो, आणि नाराज माणूस तक्रारींचा 'पाढा' वाचतो. हे सारे शब्दप्रयोग प्राथमिक शाळेच्या वर्गातून भाषेत आले आहेत. 'ओनामा' हे 'ॐ नमः सिद्धम्' या अक्षरारंभीच्या वचनाचे झिजलेले रूप. 'कित्ता' म्हणजे पंतोजींनी घालून दिलेला अक्षरांचा नमुना. मूल त्यावरून हात फिरवी. भाषेने हा वर्ग इतका जपून ठेवला असला, तरी वाङ्मयेतिहासात त्याला जागा क्वचितच मिळते. अर्वाचीन गद्याची चर्चा आपण 'दर्पण' (१८३२), दादोबा पांडुरंगांचे व्याकरण (१८३६), मोल्सवर्थचा कोश (१८३१) यांपासून सुरू करतो. पण हे वाचू शकणारा वाचक ज्या वर्गात घडला, तिथे मुले दिवसभर काय करीत होती, हे विचारल्याशिवाय तो इतिहास पुरा होत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पंतोजींची शाळा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर किंवा देवळात भरे. छापील पुस्तक तिथे नव्हते. लाकडी फळीवर तांबडी माती किंवा विटेची पूड पसरून मूल तिच्यावर काडीने अक्षर काढी आणि ते मोडून पुन्हा काढी. हीच धूळपाटी. हात बसला की बोरू, शाई आणि कागद हाती येत. वरच्या मुलांनी खालच्या मुलांकडून गिरवून आणि घोकून घ्यायचे, हा नित्याचा क्रम होता. अशाच प्रकारची रीत मद्रासकडे पाहून अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आपली शिक्षणपद्धती मांडली, आणि इंग्लंडमध्ये ती 'मद्रास पद्धत' म्हणूनच प्रसिद्ध झाली. ज्या शाळांना पुढे मागासलेल्या ठरवण्यात आले, त्यांची एक रीत साहेबाच्या देशात सुधारणा म्हणून पोचली होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या वर्गाचे मुख्य माध्यम आवाज हे होते. उजळणीत पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी येत; औट म्हणजे साडेतीन. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण असलेल्या व्यवहारात अपूर्णांकांचे हे पाढे रोज लागत. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने आली, आणि या पाढ्यांचा व्यवहारातला आधार सुटला. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्यांत आणखी काही दिसते. 'त्रिक', 'चोक', 'पंचे', 'सक', 'दाहे' ही संख्यांची रूपे एरवीच्या बोलण्यात नाहीत. ती पाढ्याच्या लयीत तगून राहिली. ज्याला आपण घोकंपट्टी म्हणून हिणवतो, ती एक मौखिक परंपराही होती. गद्यप्राय मजकूर लयीत बांधून स्मरणात ठेवण्याची ही रीत ओवी-अभंगांच्या समाजाला परकी नव्हती.

पण या शाळेचे गोडवे गाताना ओसरीवर कोण बसले होते आणि कोण नव्हते, हे विसरून चालणार नाही. मुलींना तिथे प्रवेश नव्हता, अस्पृश्य मानलेल्या जातींना दार बंद होते, आणि शिकवले जाई ते मुख्यतः हिशेब व पत्रलेखन यांपुरते. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत, १८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी संस्था स्थापन झाली आणि चित्र पालटू लागले. तिच्यासाठी सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी केलेली 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' ही भाषांतरे १८२८ मध्ये आली. मुलाने वाचावे म्हणून लिहिलेले सलग मराठी गद्य वर्गात येणे, ही मोठी घटना होती. घोकायच्या मजकुराच्या जागी समजून घ्यायचा मजकूर आला.

पुस्तकाबरोबर लिपीचा निर्णयही वर्गात आला. पंतोजींच्या शाळेत व्यवहाराची लिपी मोडी. छापील पुस्तके मात्र बाळबोधीत. मोडी छापताच येत नव्हती असे नाही. विल्यम कॅरी यांचा १८१० चा मराठी कोश सेरामपूरला मोडी टंकांत छापला गेला होता. तरी मुंबईकडे शालेय छपाईत बाळबोध रुजली, आणि मराठी मुलापुढे एक नवीनच प्रश्न उभा राहिला. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही. बोरू फारसा न उचलता लिहिणाऱ्या त्या लिपीत वेग महत्त्वाचा होता. बाळबोधीत प्रत्येक वेलांटी डावी की उजवी, हे ठरवणे भाग पडले. व्याकरणाची पुस्तके आली, मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांवर पुस्तिका लिहिली, आणि पुढे शतकभराने, १९६२ मध्ये, शुद्धलेखनाचे नियम शासनमान्य झाले. आज शिक्षक ज्या चुकीवर लाल रेघ मारतात, त्या चुकीची कल्पनाच बरीचशी छापील पुस्तकाच्या वर्गाने दिलेली आहे. 'अशुद्ध' मराठी आणि 'शुद्ध' मराठी ही विभागणी त्याच वर्गात पक्की झाली, आणि तिचा भार घरी प्रमाण बोली नसलेल्या मुलांवर अधिक पडला.

या पार्श्वभूमीवर जोतीराव फुले यांचे १८८२ चे हंटर आयोगापुढील निवेदन पुन्हा वाचावे. सावित्रीबाईंसह १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणारा हा माणूस जुन्या ओसरीचा कैवारी असणे शक्यच नव्हते. पण सरकारी शाळेतले जे शिक्षण चालू होते, तेही त्यांना पुरेसे वाटत नव्हते. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत काय शिकवावे, याची त्यांनी यादीच दिली आहे: मोडी आणि बाळबोध या दोन्ही लिपींचे वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले असावेत, असेही ते सांगतात.

या यादीतला 'मोडी' हा शब्द आपण घाईने ओलांडतो. गावच्या कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत होते. कर्जाची खते आणि साऱ्याचे हिशेब मोडीत होते. ज्याला फक्त बाळबोध येते तो छापील गोष्ट वाचेल, पण स्वतःच्या जमिनीचा कागद त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागेल, आणि वाचणारा सांगेल ते खरे मानावे लागेल. मूल वर्गात कोणती अक्षरे गिरवते, यावर ते पुढे कोणावर अवलंबून राहणार हे ठरते. फुल्यांची यादी मला या जाणिवेतून आलेली दिसते.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली. आज पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरासमोर मराठीचा पदव्युत्तर विद्यार्थीही बहुधा निरक्षर असतो. दुसरीकडे, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन सुचवले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला. मुलांना संख्या समजणे सोपे जावे, हा त्यामागचा हेतू होता. विरोधकांना आपली भाषा मोडली जात आहे असे वाटले. पावकी-निमकी आणि औटकी मात्र त्याआधी कितीतरी वर्षे, कोणताही वाद न होता, वर्गातून निघून गेली होती.

म्हणून साहित्याच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. पदव्युत्तर अभ्यासक्रमात अर्वाचीन गद्याच्या आरंभी निबंध आणि नियतकालिके जशी येतात, तशी शालेय पुस्तके, पाढे आणि कित्तेही यावेत. आणि त्याबरोबर आठवड्यातून एक तास मोडीचा असावा. मराठी वाचक कसा घडला हे त्यामुळे कळेल, आणि फुल्यांनी खेड्यातल्या मुलासाठी मागितलेली दुहेरी साक्षरता निदान पदवीधरांपर्यंत तरी पोचेल.