पंतोजी, इयत्ता आणि शिकवणी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षण हा बहुतांशी खासगी व्यवहार होता. वाड्याच्या ओसरीवर, देवळात किंवा स्वतःच्या घरी मुले जमवून शिकवणाऱ्या पंतोजीला सरकारी वेतन नसे. पालक रोख पैसे, धान्य आणि सणावारी शिधा देऊन त्याचा निर्वाह चालवीत. १८२० ते १८३० या दशकात मुंबई इलाख्याच्या सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवली, तेव्हा सुमारे १,७०० शाळा आणि ३५ हजारांच्या आसपास विद्यार्थी नोंदले गेले, पुढे रा. वि. परुळेकर यांनी ही कागदपत्रे संपादित केल्यामुळे त्या शाळांचे बरेचसे स्पष्ट चित्र आज उभे करता येते.

या चित्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तेथे इयत्ता नव्हती. मूल शुभ मुहूर्त पाहून वर्षात केव्हाही दाखल होई, आणि शेजारी बसलेला मुलगा कुठवर पोहोचला आहे याच्याशी त्याच्या धड्याचा संबंध नसे. प्रथम धूळपाटीवर, म्हणजे बारीक धूळ पसरलेल्या फळीवर, अक्षर गिरवायचे. हात वळला की बोरूने कागदावर मोडीचे वळण घटवायचे आणि शेवटी पत्रे व हिशेबाचे कागद वाचायला शिकायचे, असा क्रम असे. गणिताचा पाया उजळणीत, म्हणजे रोज मोठ्याने म्हणावयाच्या पाढ्यांत होता, व त्यांत पूर्णांकांइतकेच अपूर्णांकांना महत्त्व होते: पावकी (पाव), निमकी (अर्धा), पाउणकी (पाऊण), सवायकी (सव्वा), दिडकी (दीड), अडीचकी आणि औटकी (साडेतीन). आणे-पैशांच्या आणि शेर-पायलीच्या व्यवहारात हे पाढे क्षणोक्षणी लागत असल्याने ही घोकंपट्टी निरर्थक होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यामागचे तत्त्व पक्के होते: एक पायरी हातात बसल्याशिवाय दुसरी द्यायची नाही.

एकटा पंतोजी प्रत्येकाकडे स्वतंत्र लक्ष कसे देई, याचे उत्तर थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवून घेण्याच्या प्रथेत आहे. गोव्याहून इक्केरीकडे निघालेल्या पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने १६२३ मध्ये वाटेत काही मुले जमिनीवर पसरलेल्या वाळूवर अंक लिहीत, सुरात म्हणत, गुरूविनाच एकमेकांचा अभ्यास घेत असल्याचे पाहिले होते. पुढे मद्रासमध्ये अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने हीच वाळूवर लिहिण्याची रीत उचलली, तिला विद्यार्थी-शिक्षकांची जोड दिली आणि १७९७ मध्ये लंडनमध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये रुजलेल्या या पद्धतीचे शिक्षण देऊन १८२० च्या दशकात मुंबईतून शिक्षक तयार करण्यात आले, म्हणजे भारतीय ओसरीवरून उचललेली गोष्ट सुधारणा म्हणून भारतात परत आली.

पंतोजीच्या शाळेचे दोष मात्र झाकण्यासारखे नाहीत. छडीचा धाक मोठा होता, छापील पुस्तक जवळजवळ नव्हते, पाठ झालेल्याचा अर्थ विचारण्याची रीत नव्हती. आणि मुली व अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची मुले यांना तेथे सहसा जागाच नसे.

१८५५ मध्ये स्वतंत्र शिक्षण खाते स्थापन झाल्यानंतर ठरीव पुस्तके, वार्षिक परीक्षा आणि इयत्ता यांची चौकट दृढ झाली. तिने शिक्षण अधिक मुलांपर्यंत नेले, परंतु सर्वांनी एका वेगाने चालावे ही अटही घातली, आणि मागे पडलेल्या मुलाला हात देण्याचे काम हळूहळू शाळेबाहेर गेले. १८५९ पासून मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा सुरू झाल्यावर इंग्रजी आणि गणित यांसाठी शिकवणीची गरज वाढली, तर दुसऱ्या बाजूला शहरात शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांना शिकवण्यांतून आधार मिळाला. १८८४ मध्ये गणित घेऊन पदवीधर झालेले धोंडो केशव कर्वे यांनीही विद्यार्थिदशेत शिकवण्या केल्या. अशा शिकवणीत शिक्षक विद्यार्थ्याला समोर बसवून त्याचे नेमके कुठे अडते हे शोधी, आणि तेवढा भाग पक्का करूनच पुढे जाई. पंतोजीच्या ओसरीवर प्रत्येकाला मिळणारे हे लक्ष आता निराळे मोल देऊन घ्यावे लागत होते. ज्यांना ते परवडत नव्हते त्यांच्या वतीने जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करावेत व त्यांना पुरेसे वेतन द्यावे, अशी मागणी केली.