जुन्या घरातील वायरिंगची ओळख

जुन्या घराच्या भिंतीवर, मयालीलगत किंवा माळ्यावर आढळणारी वायर कोणत्या काळातली, कोणत्या धातूची आणि अजून चालू आहे का, हे ठरवण्याची पद्धत. गडचिरोली जिल्ह्यातल्या (१९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्हा) धानोऱ्यासारख्या गावी मातीच्या भिंतींच्या, कवेलूच्या घराला पुढे सिमेंटच्या खोल्या जोडल्या जातात. त्यामुळे एकाच मीटरवर दोन-तीन पिढ्यांचे वायरिंग सापडू शकते.

चिनी मातीच्या गुटक्यांत पकडलेल्या दोन सुट्या तारा किंवा खाचांच्या लाकडी पट्टीवर झाकण, ही सर्वांत जुनी पद्धत. तिच्यातल्या वायरला रबराचे आवरण आणि वर डांबर पाजलेली सुती वीण असते. असे रबर वाळून कडक होते, म्हणून वायर वाकवून पाहू नये. सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेली गोल वायर त्यानंतरची. तिथे वाळवीने पट्टी पोखरलेली आहे का, तेही बघावे. पीव्हीसी वायर त्याहून अलीकडची. साठ-सत्तरच्या दशकांत तांब्याच्या टंचाईमुळे घरांत ॲल्युमिनियमही भरपूर वापरले गेले. तार लालसर असेल तर तांबे, रुपेरी आणि मऊ असेल तर बहुधा ॲल्युमिनियम. कल्हई केलेले तांबेही रुपेरी दिसते, म्हणून कापलेले टोक पाहावे. दोन्ही धातू थेट पिळून जोडले, की पावसाळी ओलाव्यात सांधा गंजतो, सैल होतो आणि तापतो. वायरवरचा ३/२२ हा जुना आकडा २२ गेजच्या तीन तारा सांगतो. आज माप चौरस मिलिमीटरमध्ये असते.

रंगावर विश्वास ठेवू नये. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग हा संकेत हाती असेल त्या वायरने केलेल्या दुरुस्तीत हमखास मोडतो. दोनच छिद्रांचे प्लग-पॉइंट बहुधा अर्थिंग नसल्याची खूण. पट्टीलगतची उघडी जस्ताळलेली तार असल्यास ती अर्थिंगची असू शकते, पण जमिनीपर्यंत पोचते का ते तपासावे लागते.

जुन्या बोर्डात फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असत. ही सर्वांत घातक गोष्ट आहे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवा विझतो, पण वायर चालूच राहते. दिव्याचे बटन चालू असताना त्याच्या दोन्ही तारांवर टेस्टर पेटला, तर न्यूट्रल तुटल्याची शक्यता धरावी. टेस्टर पेटला नाही म्हणून वायर बंद असेल असेही नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिल्यास तो मंद होतो. खात्रीसाठी फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावतात.

कुटीर ज्योती योजनेत (१९८८-८९ पासून) दारिद्र्यरेषेखालच्या घरांना एका दिव्याची जोडणी मिळे. त्या एका दिव्यापुरत्या बारीक वायरवर पंखा, टीव्ही, पंप चढलेला दिसला, तर ती बदलावीच. अंतिम तपासणी मेन स्विच बंद करून, उपकरणे काढून, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) परवानाधारक वायरमनकडून करावी. एक मेगाओमपेक्षा कमी रीडिंग आल्यास त्या वायरला पुन्हा वीज देऊ नये.