उस्तादाचा हात आणि शाळेचा दाखला



दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. शेजारचे एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा एकोणीस वर्षांचा. ट्रकच चालवायचा, असं त्यानं मनाशी पक्कं केलेलं. वडील म्हणाले, "सर, याला एखाद्या उस्तादाच्या हाताखाली क्लीनर म्हणून धाडू, की तालुक्याच्या ड्रायव्हिंग स्कूलात घालू? उस्ताद पैसे मागत नाही, स्कूल मागतं. पण तुम्ही पडलात इतिहासाचे, तुम्हांला यातलं काय ठाऊक असणार म्हणा!"

मी म्हटलं, "इतिहासाला यातलं बरंच ठाऊक आहे. बसा." त्यांना जे सांगितलं, तेच आज तुम्हांला सांगतो.

मोटार चालविण्याबद्दल साऱ्या हिंदुस्थानासाठी पहिला कायदा झाला तो १९१४ साली. लायसन्सशिवाय रस्त्यावर मोटार हाकायची नाही आणि वय अठराच्या खाली चालायचे नाही, असे त्यात ठरले. गाडी येते की नाही, एवढेच सरकार पाहत असे. ती कोणी शिकविली, कशी शिकविली, याची चौकशी त्या कायद्यात नव्हती. शिकणारा शिके तो उस्तादाकडे.

ही शिकवणी कशी होती? पोरगा आधी क्लीनर व्हायचा. पहाटे काच पुसायची, रेडिएटरमध्ये पाणी भरायचे, टायरवर ठोकून हवा पाहायची, चढावर गाडी थांबली की उडी टाकून चाकाखाली दगड लावायचा. गाडी मागे घेताना पाठीमागे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचे. असे दिवस काढल्यावर एखाद्या रात्री, रस्ता मोकळा पाहून, उस्ताद म्हणायचा, "बस इकडे." ना फी, ना पुस्तक.

दुसऱ्या महायुद्धात लष्करी मोटारींचा पसारा वाढला आणि अनेक तरुण फौजेत शिस्तीने गाडी शिकले. कायदाही पुढे सरकला होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने माणसांची किंवा मालाची वाहतूक करणारी गाडी चालविणाऱ्याचे वय किमान वीस ठरविले. १९५४ साली जमशेदपूरला टाटा आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांनी मिळून ट्रक बांधायला आरंभ केला. रस्त्यांवर मालमोटारी वाढल्या, ड्रायव्हर हवे झाले, आणि ते पुरविले मुख्यतः उस्तादांनीच.

त्या उस्तादांचे ऋण मोठे आहे. "ज्या गिअरात घाट चढलास, त्याच गिअरात उतर, ब्रेकवर भिस्त ठेवू नकोस," हे बाळकडू कितीतरी जणांना क्लीनरच्या बाकावरच मिळाले. ब्रेक सारखा दाबून धरला की तापतो, तापला की धरत नाही, हे त्यामागचे शास्त्र. परंतु उस्तादाकडे गुण शिकायला मिळाले तसे दोषही मिळाले. तो रात्र-रात्र जागून गाडी हाकत असेल, तर शागिर्दालाही त्यात मर्दुमकी वाटू लागे. शिवाय लायसन्स नसलेल्या पोराच्या हाती चाक देणे हा गुन्हाच. त्या घडीला अपघात झाला, तर उस्ताद, मालक आणि पोरगा तिघेही गोत्यात.

मग १९८८ चा कायदा आला. जड वाहतुकीच्या लायसन्ससाठी मान्यताप्राप्त स्कूलचा दाखला आवश्यक झाला. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी शिक्षणाची मुदत किमान तीस दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालविणे किमान पंधरा तास ठरविले. म्हणजे रोजचा अर्धा तास! बेत चांगला होता. पण काही ठिकाणी दाखला मिळे, तास मात्र भरत नसत. कागद शाळेचा आणि विद्या पुन्हा उस्तादाचीच, अशी गत झाली.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्याशी संबंधित एक गोष्ट यात आहे. या लायसन्ससाठी आठवी पास असण्याची अट होती. २०१९ साली ती काढून टाकण्यात आली. शाळा मध्येच सुटलेल्या कितीतरी मुलांना त्यामुळे वाट मोकळी झाली. पण रस्त्यावरची पाटी वाचायची आहे, मालाचे कागद वाचायचे आहेत. अट गेली, गरज गेलेली नाही.

१ जुलै २०२१ पासून तिसरी वाट निघाली, ती अधिमान्य प्रशिक्षण केंद्रांची. जड गाड्या शिकविणाऱ्या केंद्राला दोन एकर जागा लागते. शिक्षण सहा आठवड्यांत अडतीस तास, काही वर्गात, काही गाडीवर. तेथे परीक्षा उतरली की आर.टी.ओ.ची चालविण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही.

हे ऐकून शेतकरी म्हणाले, "मग पोरानं करावं काय?"

मी पायऱ्या सांगितल्या. जड गाडीचे शिकाऊ लायसन्स मिळण्याआधी हलक्या गाडीचे लायसन्स एक वर्ष हाती असावे लागते. याने ते गेल्या वर्षीच काढले होते, हे बरे झाले. त्याच लायसन्सवर, मालासकट ७,५०० किलोपर्यंत वजनाचा टेंपो चालवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तसे सांगितले आणि २०२४ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते कायम केले. तेव्हा वीस पुरी होईपर्यंत हलकी खासगी गाडीच चालवावी, हात बसू द्यावा. मग शिकाऊ लायसन्स काढून स्कूलात किंवा केंद्रात जावे. पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: चाक माझ्या हाती एकूण किती तास? गाडी खरोखर जड आहे का? घाटाचा चढ-उतार आणि गाडी मागे घेणे शिकवता का? "तास कशाला मोजता, दाखला देतो की," असे कोणी म्हणाले, तर तेथून उठावे.

"आणि उस्ताद?" मुलाने पहिल्यांदाच तोंड उघडले.

"उस्ताद लायसन्स झाल्यावर," मी म्हटलं. "पहिले काही महिने जाणत्या ड्रायव्हरच्या जोडीनं जा. घाट त्याच्याकडून शीक, जागरण शिकू नकोस."

वडील थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पैसे भरावे लागणारच."

लागणारच, श्रोतेहो. दहा-पंधरा टन माल पाठीशी घेऊन आपला मुलगा उतारावरून येतो, तेव्हा समोरून शाळेची पोरं सायकलवर येत असतात. तीही कुणाची तरी मुलं आहेत. ते तास पुरे भरले होते की नाही, याचा हिशेब त्या उतारावर होतो.