फुकटच्या प्रवासाची किंमत

राज्यांचा इतिहास लिहावयाचा तर लढाया आणि तह पाहावे लागतात. समाजाच्या सचोटीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याची साधने निराळ्याच ठिकाणी शोधावी लागतील. ती तराजूच्या पारड्यात सापडतील, जकातनाक्याच्या वहीत सापडतील, आणि रेल्वेच्या तिकिटातही सापडतील. तिकीट ही वस्तू दिसण्यात क्षुद्र खरी. परंतु परस्परांना न ओळखणाऱ्या लक्षावधी माणसांनी एकमेकांशी केलेला करार तिच्यात सामावलेला असतो. हा करार कसा जन्मास आला आणि तो मोडल्याने काय घडले, हा इतिहासातील एक बोधप्रद अध्याय आहे.

प्रवासाचे मोल चुकविण्याची वृत्ती मात्र रेल्वेहून पुष्कळच जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नदी ओलांडण्याच्या भाड्याचे दर दिलेले आहेत, कोणाकडून ते घेऊ नयेत हे सांगितले आहे, आणि अवेळी किंवा ठरल्या घाटाखेरीज अन्यत्र नदी ओलांडणारास दंडही नेमून दिला आहे. देशात येण्याजाण्यासाठी मुद्राध्यक्षाकडून परवाना घ्यावा लागे. त्याचे मूल्य एक माष, म्हणजे पणाचा सोळावा भाग. आणि परवान्यावाचून सापडलेल्या देशवासीयास दंड बारा पण. मूल्य अल्प आणि दंड जबर, हे सूत्र तेव्हापासूनचे आहे. विशेष हे की, याच ग्रंथकाराने सरकारी धन गिळंकृत करण्याचे चाळीस प्रकार मोजून दाखविले आहेत. चुकविणारा प्रवासी आणि खाणारा अधिकारी हे दोघे एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत, हे त्याच्या दृष्टीतून सुटले नव्हते.

आधुनिक तिकिटाची जन्मकथाही याला साजेशीच आहे. इंग्लंडात टॉमस एडमंडसन नावाचा एक सुतारकाम जाणणारा क्वेकरपंथी गृहस्थ होता. धंद्यात दिवाळे निघाल्यावर १८३६ साली त्याने कार्लाइलजवळच्या मिल्टन या लहानशा स्टेशनावर नोकरी धरली. त्या काळी प्रत्येक उतारूसाठी कारकुनाला हाताने चिठ्ठी लिहून द्यावी लागे. हे काम कंटाळवाणे तर होतेच, शिवाय किती चिठ्ठ्या लिहिल्या आणि किती पैसे घेतले यांचा मेळ घालणेही कठीण होते. एडमंडसनने जाड पुठ्ठ्याची, छापील व अनुक्रमांक घातलेली तिकिटे तयार केली आणि त्यांवर तारीख उमटविण्याचे यंत्र बनविले. सकाळी खणातील पहिल्या तिकिटाचा क्रमांक कोणता होता आणि रात्री कोणता राहिला, एवढे पाहिले की दिवसाची जमा किती असावयास हवी हे कळू लागले. म्हणजे तिकिटावरचा तो क्रमांक उतारूवर नजर ठेवण्यासाठी नव्हता, तो कंपनीच्या स्वत:च्या नोकराचा हिशेब पाहण्यासाठी होता. ही पद्धत वापरणाऱ्या कंपन्यांकडून एडमंडसन लोहमार्गाच्या दर मैलामागे वर्षाला दहा शिलिंग घेई. त्यातून सुस्थिती आल्यावर त्याने आपल्या जुन्या सावकारांचे देणे पुरतेपणी फेडले, असे त्याचे चरित्रकार नमूद करतात.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली उतारूगाडी धावली. तिच्या चौदा डब्यांतून सुमारे चारशे पाहुण्यांनी एकवीस मैलांचा प्रवास केला. पुढे लोहमार्ग देशभर पसरला आणि पुठ्ठ्याचे ते इवलेसे तिकीट खेडोपाडी परिचयाचे झाले. परंतु या करारात दोन्ही पक्ष सारखे नव्हते. पैसा मुख्यत्वे तिसऱ्या वर्गाच्या उतारूंकडून यावयाचा आणि सोयी वरच्या वर्गांना मिळावयाच्या, अशी रीत पडली. महात्मा गांधींनी १९१७ साली या विषयावर एक लेख लिहिला. त्यात मुंबई ते मद्रास या प्रवासाचे तिसऱ्या वर्गाचे भाडे तेरा रुपये नऊ आणे दिल्याची नोंद आहे, आणि बावीस माणसांसाठी असलेल्या डब्यात पस्तीसपर्यंत माणसे कोंबली गेल्याचीही. रेल्वे आपला शब्द पाळीत नसता उतारूनेच तो का पाळावा, हा प्रश्न त्या डब्यातील कोणाच्याही मनात आला असता तर त्यात नवल नव्हते.

या प्रश्नाचे उत्तर त्याआधी दोन वर्षे एका प्रसंगाने दिले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी नामदार गोखले यांचे पुण्यास निधन झाले. गांधीजी तेव्हा शांतिनिकेतनात होते. वार्ता कळताच ते कस्तुरबा व मगनलाल यांच्यासह पुण्यास निघाले. बरद्वानपर्यंत सोबतीस दीनबंधू अँड्र्यूज होते. हिंदुस्थानात सत्याग्रहाची वेळ कधी येईल काय, असे अँड्र्यूजनी त्या प्रवासात विचारल्याचे गांधीजींनी आत्मकथेत सांगितले आहे. बरद्वान स्टेशनावर तिसऱ्या वर्गाच्या तिकिटासाठी झुंबड उडाली होती. दांडगे पुढे घुसत होते. गांधीजींना तिकिटे मिळाली ती जवळजवळ अखेरीस. गाडी आली तर तिच्यात पाय ठेवावयास जागा नव्हती. तेव्हा तिघे मधल्या वर्गाच्या डब्यात चढले. आसनसोल येथे गार्डाने जादा भाडे मागितले. तिसऱ्या वर्गात जागा देणे हे तुमचे काम होते, असे गांधीजींनी त्याला सुनावले. पैसे भरा नाहीतर उतरा, असे त्याचे उत्तर होते. गांधीजींनी पुण्यापर्यंतचे जादा भाडे भरले. अन्याय त्यांना सलत राहिला आणि तो त्यांनी लिहूनही ठेवला. ज्यांच्यासाठी हा प्रवास होता त्या गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन करताना सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान असावे, हे ध्येय सांगितले होते. त्या दिवशी त्या ध्येयाला जादा भाड्याच्या पावतीचे रूप आले, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे एक भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे. ज्या पुरुषाने आसनसोलला मुकाट्याने भाडे भरले, त्यानेच पुढे १९३० साली मिठाचा कायदा मोडला. परंतु तो मोडण्यापूर्वी त्याने व्हाइसरॉयला पत्राने कळविले होते. त्याआधी १९२२ साली अहमदाबादच्या खटल्यात त्याने न्यायाधीशाकडे कमाल शिक्षा मागितली होती. कायदेभंग आणि कायदा चुकविणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्यांची जात निराळी आहे. सत्याग्रही उघडपणे कायदा मोडतो आणि दंड स्वत: सोसतो. चुकवेगिरी करणारा लपून मोडतो आणि दंड दुसऱ्यावर टाकतो. स्वातंत्र्यलढ्याच्या धामधुमीत, विशेषत: १९४२ नंतर, हा भेद अनेकांच्या मनात पुसट झाला. सरकारला बुडविणे म्हणजे परक्या सत्तेला बुडविणे, असा समज रुजला. सत्ता गेली, पण सवय राहिली. रेल्वे आता आपली झाली, मग तिकीट कशाला, असा विचित्र युक्तिवाद ऐकू येऊ लागला. स्वातंत्र्यानंतरच्या महिन्यांत गांधीजींना दिल्लीच्या प्रार्थनासभांतून विनातिकीट प्रवासाचा निषेध करावा लागला, तो याच कारणाने.

पुढील घटनाक्रम मननीय आहे. १९५३ साली रेल्वेतील लाचलुचपतीच्या चौकशीसाठी आचार्य कृपलानी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १९५५ साली अहवाल दिला. १९६२ साली सर्वच सरकारी खात्यांतील भ्रष्टाचाराचा विचार करण्यासाठी के. संथानम यांची समिती आली. हे संथानम पूर्वी, १९४८ ते १९५२ या काळात, रेल्वेचे राज्यमंत्री होते. त्यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. चौकश्या वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचल्या. परंतु लाच घेणाऱ्या हातासमोर देणारा हातही असतो, आणि तो हात बहुधा सामान्य माणसाचा असतो.

फुकट प्रवासाचे परिणाम कसे पसरतात, ते पाहण्याजोगे आहे. उतारू तिकीट काढीत नाही म्हणून तपासनीस नेमावा लागतो. तपासनीसाच्या हाती दंडाचा अधिकार येतो. आणि दंडापेक्षा चिरीमिरी स्वस्त पडते असे दोघांच्याही लक्षात आले, की एका लबाडीतून दुसरी जन्मते. मग तपासनीसावर दक्षता अधिकारी नेमावा लागतो. या साऱ्यांचा पगार तिकीट काढणाराच देतो. त्याहून सूक्ष्म परिणाम असा की, कोणत्या मार्गावर किती गाड्या व किती डबे हवेत याचा अंदाज प्रामुख्याने विकल्या गेलेल्या तिकिटांवरून बांधला जातो. जो तिकीट काढीत नाही तो मोजला जात नाही. डब्यातील ज्या गर्दीविषयी तो तक्रार करतो, तिच्यातील आपला हिस्सा त्याने स्वत:च कागदावरून पुसलेला असतो.

सरकारचे नुकसान होते, आपले काय जाते, ही समजूतही टिकणारी नाही. १९२४ पासून वेगळे मांडले जाणारे रेल्वेचे अंदाजपत्रक २०१७ साली सर्वसाधारण अंदाजपत्रकात विलीन झाले. तत्पूर्वी २०१६ च्या सुमारास तिकिटावरच असे छापले जाऊ लागले, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतो. उरलेला भार मालवाहतुकीवर आणि अखेरीस जनतेवर पडतो. म्हणजे ज्याने आयुष्यात गाडीत पाऊल ठेवले नाही, तोही फुकट्याचे भाडे भरीत असतो.

कायद्याने आपल्या परीने उपाय केले. १८९० च्या रेल्वे कायद्याची जागा १९८९ च्या कायद्याने घेतली. त्यात फसविण्याच्या हेतूने केलेल्या विनातिकीट प्रवासाला सहा महिन्यांपर्यंत कैद वा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. जादा आकाराची किमान रक्कम २००४ मध्ये पन्नासावरून अडीचशे रुपयांवर नेण्यात आली. कायदा केवळ कठोरच राहिला असेही नाही. अपघातात सापडलेल्याजवळ तिकीट मिळाले नाही एवढ्यावरून त्याचा भरपाईचा हक्क बुडत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. तिसरा वर्गही १९७४ साली रद्द झाला.

मुंबईत घाटकोपर येथे दोन प्रकारच्या आगगाड्या एकमेकींना भेटतात. २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोच्या वाटेवर यंत्राचे दार आहे. तिकिटावाचून ते उघडत नाही. शेजारच्या उपनगरी रेल्वेच्या फलाटावर मात्र असे यंत्र न ओलांडता पिढ्यान्‌पिढ्या माणसे जात आली. तेथील बहुतेक भरवसा उतारूच्या मनावर टाकलेला. यंत्राचे दार चोख काम करते, यात शंका नाही. परंतु वजनात मारलेला पाव छटाक, खोटे वैद्यकीय प्रमाणपत्र, पावतीवाचून केलेली खरेदी, दुसऱ्याच्या नावावर उचललेले धान्य यांच्या वाटेवर असे दार कोण आणि किती ठिकाणी बसविणार? ज्या समाजाला प्रत्येक पावलावर दार लागते, त्याचे निम्मे बळ दारे बांधण्यात आणि उरलेले ती चुकविण्यात खर्ची पडते. रस्ते, शाळा आणि दवाखाने यांसाठी मग फारसे शिल्लक राहत नाही. फुकटच्या प्रवासाची खरी किंमत ती आहे, आणि ती कोणत्याही दरपत्रकात छापलेली नसते.